राष्ट्रपतींची सही आणि आमचे हारतुरे

राष्ट्रपतिपदावर नवी व्यक्ती बसली की आमच्या समाजात दोनच गोष्टी होतात. ती व्यक्ती आपली वाटली तर हारतुरे आणि अभिनंदनाचे ठराव. आपली वाटली नाही तर निषेधाचे निवेदन घेऊन कलेक्टर कचेरी. तिसरी गोष्ट होत नाही. त्या व्यक्तीने वर्ष-दोन वर्षांत कशावर सही केली, काय परत पाठवले, कुठे बोलायला हवे होते आणि कुठे गप्प राहायला हवे होते, याचा हिशेब कुणी मांडत नाही. हा लेख त्या हिशेबासाठी आहे. त्यासाठी आम्ही घरचेच उदाहरण घेतो: अमरावतीच्या सूनबाई आणि देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील.

आधी आमची फूटपट्टी सांगून टाकतो. आम्ही जुन्या वळणाचे लोक. पुरोगामी मंडळी यावर नाक मुरडतील, ती त्यांची मर्जी. पद माणसापेक्षा मोठे असते, मोठ्या पदावरच्या माणसाने कमी बोलावे, घर आणि सरकारी खुर्ची यांच्यामध्ये भिंत असावी आणि वडीलधाऱ्यांनी घालून दिलेली रीत मोडायची असेल तर त्याचे कारण द्यावे, असे आम्ही मानतो. ही फूटपट्टी आम्ही आमच्या घरात वापरतो, शाळेत वापरतो, मग राष्ट्रपती भवनासाठी ती वेगळी का असावी?

प्रतिभाताईंचे माहेर जळगाव जिल्ह्यातले आणि सासर अमरावतीचे. १९६२ साली त्या पहिल्यांदा आमदार झाल्या. पुढे राज्यात मंत्री, राज्यसभेच्या उपसभापती, १९९१ ते १९९६ अमरावतीच्या खासदार, २००४ पासून राजस्थानच्या राज्यपाल. जुलै २००७ च्या निवडणुकीत त्यांना ६,३८,११६ मतमूल्य मिळाले, तर भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६. एरवी भाजपबरोबर असणाऱ्या शिवसेनेने मराठी माणूस म्हणून ताईंना मते दिली. २५ जुलै २००७ ला शपथविधी झाला आणि वऱ्हाडाला आभाळ ठेंगणे झाले. भुसावळहून बडनेऱ्याला जाणारी गाडी अकोल्यावरूनच जाते, तेव्हा माहेर-सासरच्या मधल्या गावाचा हक्क अकोलेकरांनी तरी का सोडावा? बाईला ‘राष्ट्रपती’ म्हणावे की आणखी काही, या वादावर वर्तमानपत्रांचे रकाने खर्ची पडले. राष्ट्रपती करतात काय, यावर मात्र फारसे कुणी लिहिले नाही.

आमच्या मोहल्ल्यांतही एकच विषय गाजला, तो म्हणजे पडद्याचा. १७ जून २००७ रोजी उदयपूरला महाराणा प्रताप जयंतीच्या कार्यक्रमात ताई म्हणाल्या की, मोगल आक्रमकांपासून स्त्रियांचे रक्षण करण्यासाठी पडदा पद्धत आली आणि आता ती संपली पाहिजे. त्या वेळी त्या राज्यपालच होत्या, पण राष्ट्रपतिपदासाठी त्यांचे नाव जाहीर झालेले होते.

हे विधान इतिहास म्हणून टिकत नाही. बाबर १५२६ साली दिल्लीला आला. त्याच्या कितीतरी शतके आधीच्या संस्कृत साहित्यात अवगुंठन आहे, अंतःपुर आहे. आणि मुसलमान स्त्रीची हया ही कुणा फौजेच्या भीतीतून आलेली नाही. ती इसवी सनाच्या सातव्या शतकातल्या शिकवणुकीतून आली आहे. पडदा कुणी पाळावा, कुणी पाळू नये, हा त्या बाईचा, तिच्या ईमानाचा आणि तिच्या घराचा प्रश्न. सरकारी व्यासपीठावरून त्याची उठाठेव करणे राज्यपालांना शोभत नाही आणि होऊ घातलेल्या राष्ट्रपतींना तर मुळीच नाही. कमी बोलावे या आमच्या पहिल्या कसोटीवर ताई इथे उतरल्या नाहीत. निषेध झाला तो योग्यच होता.

पण याच ताईंनी त्याच राजस्थानात एक वर्ष आधी काय केले होते, हे निषेध करणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते? एप्रिल २००६ मध्ये वसुंधराराजे यांच्या सरकारने विधानसभेत धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर करून घेतले. नाव ‘धर्म स्वातंत्र्य’ आणि काम धर्मस्वातंत्र्याला कुंपण घालण्याचे. विधेयक राज्यपालांकडे सहीसाठी आले. घटनेच्या २०० व्या कलमाने राज्यपालांना विधेयक परत पाठवण्याचा अधिकार दिला आहे. ताईंनी सही केली नाही. विधेयक परत गेले. ना भाषण, ना घोषणा, ना फोटो.

त्यानंतर २००८ मध्ये राजस्थानने नवे विधेयक केले. ते राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी दिल्लीला गेले. तेव्हा राष्ट्रपती भवनात ताईच होत्या. त्याही विधेयकाला मंजुरी मिळाली नाही. राष्ट्रपती अशा बाबतीत केंद्र सरकारच्या सल्ल्याने चालतात हे खरे, पण परिणाम काय झाला तो पाहा. राजस्थानात असा कायदा यायला २०२५ साल उजाडावे लागले. मधली एकोणीस वर्षे तिथल्या अल्पसंख्याकांना जो श्वास मिळाला, त्याची सुरुवात एका न केलेल्या सहीपासून झाली होती.

आता सांगा, समाजाच्या दृष्टीने मोठी गोष्ट कोणती? उदयपूरचे एक चुकीचे वाक्य की जयपूरची न केलेली सही? वाक्यावर निवेदने निघाली. सहीसाठी आभाराचे एक पोस्टकार्ड तरी कुणी टाकले का? वाक्याने भावना दुखावतात, सहीने जिणे बदलते. ज्या कौमला हा फरक कळत नाही, तिला कुणीही गोड बोलून लुटावे आणि कुणीही कडू बोलून भडकवावे.

ताईंची बाजू मांडली म्हणून आम्ही त्यांचे वकील झालो असे समजू नये. राष्ट्रपती म्हणून त्यांची पहिली दोन-सव्वादोन वर्षे तपासली तर जमेच्या बाजूला पदाची शालीनता आहे. पहिल्याच भाषणात त्या स्त्रियांच्या सक्षमीकरणाबद्दल आणि स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध बोलल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी देशात आणि परदेशात कधी ढळू दिला नाही. पडद्यावर बोलणाऱ्या बाईंनी स्वतःच्या घरची रीत अशी जपली, याचे आम्हाला कौतुकच आहे. उदयपूरसारखे वाक्य या काळात पुन्हा गाजले नाही. खुर्चीने त्यांना सांभाळले आणि त्यांनी खुर्चीला.

नावेच्या बाजूला दोन गोष्टी लिहाव्या लागतात.

पहिली शेतकऱ्याची. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात केंद्राने ६०,००० कोटींची कर्जमाफी जाहीर केली. पूर्ण माफी फक्त दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला, त्यावर जमीन असेल तर २५ टक्के सूट आणि तीही बाकीचे पैसे भरले तर. बागायती मुलखात दोन हेक्टरवाला खाऊनपिऊन सुखी असतो. अमरावती-अकोल्याच्या कोरडवाहू कपाशीत चार हेक्टरवालाही सावकाराच्या दारात उभा असतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांतल्या आत्महत्यांमुळे खुद्द पंतप्रधानांना २००६ मध्ये येऊन ३,७५० कोटींचे पॅकेज द्यावे लागले होते. त्याच जिल्ह्यांना दोन हेक्टरचे माप लावले गेले. ओरड झाल्यावर मे २००८ मध्ये अशा जिल्ह्यांसाठी २५ टक्के किंवा २०,००० रुपये, यातली जास्त असेल ती रक्कम, अशी दुरुस्ती झाली. अर्थसंकल्प बदलणे राष्ट्रपतींच्या हातात नसते. पण घटनेच्या ७८ व्या कलमाप्रमाणे पंतप्रधानांकडून माहिती मागवता येते. कोरडवाहू कपाशी कशाला म्हणतात, हे त्या वेळच्या दिल्लीत ताईंपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होते? दुरुस्तीसाठी ओरड करावी लागली ती शेतकऱ्यांना. घरच्या बाईकडून घराने काय घ्यावे? हारतुरे नकोत, एक प्रश्न तरी विचारायचा होता.

दुसरी गोष्ट भिंतीची. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभेत अमरावतीत काँग्रेसने विद्यमान आमदार आणि राज्यमंत्री सुनील देशमुख यांना डावलले आणि उमेदवारी दिली ती राष्ट्रपतींचे चिरंजीव रावसाहेब शेखावत यांना. देशमुख अपक्ष उभे राहिले. शेखावत निवडून आले. पुढे २०१४ मध्ये भाजपच्या तिकिटावर उभ्या राहिलेल्या देशमुखांकडून ते हरले. तिकीट पक्षाने दिले, राष्ट्रपती भवनाने नाही. निवडणूक लढवणे हा नागरिकाचा हक्क आहे, मुलाचाही आहे. कायद्याने यात काहीच गैर नाही. पण आम्ही जुन्या वळणाचे लोक, आम्ही कायद्याच्या आधी मर्यादा विचारतो. आई राष्ट्रपती भवनात असताना मुलाने पाच वर्षे थांबायला काय हरकत होती? ज्या खुर्चीला पक्ष नसतो, तिची सावली एका पक्षाच्या प्रचारावर पडली. अमरावतीच्या मतदाराने मत कुणालाही दिलेले असो, ही सावली त्याला दिसली होती.

काही मंडळी म्हणतील, राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, त्याचा हिशेब कसला मांडता? हे अर्धवट ज्ञान आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींनी मानायचाच असतो, पण ७४ व्या कलमाखाली तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवटीची शिफारस परत पाठवली आणि दोन्ही वेळा सरकारला मागे यावे लागले. झैलसिंग यांनी १९८६ चे टपाल विधेयक, लोकांची पत्रे उघडण्याचा अधिकार देणारे, सही न करता तसेच ठेवले. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदाचे विधेयक परत पाठवले.

आणि उलटही पाहा. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या जाहीरनाम्यावर सही केली ती फख्रुद्दीन अली अहमद यांनी. मे २००५ मध्ये बिहार विधानसभा बरखास्त करण्याच्या कागदावर मॉस्कोहून मध्यरात्री सही केली ती याच कलामसाहेबांनी, आणि ती बरखास्ती सर्वोच्च न्यायालयाने पुढे घटनाबाह्य ठरवली. दोन्ही नावे आपली. म्हणून सांगतो, नाव पाहू नका. नारायणन दलित होते म्हणून मोठे राष्ट्रपती ठरले नाहीत. कागद वाचून मग सही करत होते म्हणून ठरले.

हे सगळे आज उगाळायचे कारण आहे. जुलै २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या, पहिल्या आदिवासी आणि दुसऱ्या महिला. पुन्हा तेच झाले. कुणी हरखून गेले, कुणी नाक मुरडले, कागद कुणी पाहिला नाही. मग एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक संसदेत मंजूर झाले. सही करू नका, निदान आमचे ऐकून घ्या, अशा विनंत्या गेल्या. राज्यसभेच्या मंजुरीनंतर दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिलला, सही झाली. १५ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातल्या काही तरतुदींना अंतरिम स्थगिती दिली. म्हणजे विचारण्यासारखे प्रश्न होते. १११ व्या कलमाने एकदा परत पाठवण्याची मुभाही होती. वक्फ म्हणजे वाडवडिलांनी अल्लाहच्या नावाने दिलेली आणि कुणी मोडू नये अशी ठेव. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या सरकारला आणि त्याच्या विधेयकावर सही करणाऱ्या खुर्चीला या परंपरेसाठी आठवडाभराचा विचार जड का व्हावा?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती कोण, हे मुलांकडून घोकून घेतले जाते. मुस्लिम राष्ट्रपती किती, तीन. तेही मुले सांगतात. झाकिर हुसैन स्वतः शिक्षक होते, ही नावे पाठ करून घेण्यावर ते खूश झाले नसते. शहरियतच्या तासाला आता वेगळे प्रश्न विचारायला हवेत. विधेयक सहीला आले तर राष्ट्रपती काय काय करू शकतात? आणीबाणीवर सही कुणी केली? राजस्थानचे विधेयक कुणी परत पाठवले आणि का? ज्या मुलाला एवढे सांगता येईल, तो मोठा होऊन नव्या राष्ट्रपतीसाठी हार विकत घ्यायला धावणार नाही आणि पुतळा जाळायलाही धावणार नाही. तो दोन वर्षे थांबेल, कागद मागवेल आणि मग बोलेल. असे शंभर तरुण अमरावतीत आणि शंभर अकोल्यात तयार झाले, तर आमच्या निवेदनांना कलेक्टर कचेरीच्या रद्दीपेक्षा थोडी बरी जागा मिळेल.