सकाळची शाळा आणि वाढते वय

तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांच्या सूचनेनंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने आदेश काढला : पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत. हेतू स्तुत्य होता. रेघ मात्र चुकीच्या इयत्तेवर ओढली गेली.

झोपेचे घड्याळ खरे बदलते ते चौथीनंतर. वयात येताना झोपेचे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. किशोरांचे जागरण हा निव्वळ आळस नव्हे. त्यात शरीरधर्मही आहे. या वयाला आठ ते दहा तासांची झोप हवी. वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते, आणि विवेक व संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो.

मालाडसारख्या उपनगरात जागा महाग. म्हणून एकाच इमारतीत दोन पाळ्या चालतात. धाकट्यांना नऊनंतरची वेळ दिली, की सातची पाळी साहजिकच थोरल्यांच्या माथी येते. जागेच्या टंचाईची किंमत अशा रीतीने मुले आपल्या झोपेतून चुकवतात. ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदा करून बहुतेक उच्च माध्यमिक शाळांना साडेआठपूर्वी भरण्यास मनाई केली. मुंबईला ते एका वर्षात साधणार नाही. परंतु वर्गखोल्यांची गरज ठरवताना हा छुपा खर्च हिशेबात धरलाच पाहिजे. तोवर शाळांनी निदान गणिताचा तास आणि चाचणी परीक्षा सकाळी सातला ठेवू नयेत. त्यासाठी शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.