सोमवारी अवकाश

गेल्या श्रावणात आम्ही तिघी उज्जैनला गेलो होतो. मी, सूनबाई आणि नात. सूनबाई धारवाडकडची, त्यामुळे आमच्या घरात स्वयंपाकघर कानडी आणि देवघर मराठी अशी वाटणी आहे. आपल्या सीमाभागात निम्म्या घरांत असते तशीच. नात सहावीत, इंग्रजी शाळेत.

रविवारी महाकालेश्वराच्या रांगेत दिवस गेला. संध्याकाळी एका संग्रहालयाच्या फाटकाशी पोचलो तर शिपाई कुलूप लावत होता. शेजारी हिंदी पाटी होती. वरच्या ओळीत वेळ, दहा ते पाच. खालच्या ओळीत लिहिले होते, ‘अवकाश : सोमवार एवं शासकीय अवकाश’.

मी म्हटले, “बरे झाले, उद्या सोमवारी अवकाश आहे. सवडीने बघू.” सूनबाई म्हणाली, “हो अत्ते, उद्या आत जायला अवकाश आहे म्हणे.” आम्हा दोघींचे इतके पटकन एकमत घरात क्वचितच होते. नात मधेच म्हणाली, “अज्जी, उद्या बंद असेल.” तिला मी गप्प बसवले. आम्हाला काय वाचता येत नाही?

सोमवारी सकाळी रिक्षा करून गेलो. फाटकाला हे एवढे कुलूप!

आता बघा. मराठीत अवकाश म्हणजे सवड, मोकळा वेळ, नाहीतर मग अवकाशयान जाते ते. कन्नडमध्ये अवकाश म्हणजे संधी. आणि हिंदीत अवकाश म्हणजे चक्क सुट्टी. तिघींनी एकच पाटी वाचली, दोघींना आपापल्या घरचा अर्थ माहीत होता आणि त्या दोघीच फसल्या. जिला शब्द नीट येत नव्हता, तिचेच बरोबर निघाले.

तिला विचारले, कसे ग ओळखलेस? म्हणाली, “वर वेळ लिहिली होती ना, मग सोमवारची वेगळी ओळ कशाला? आणि पुढे शासकीय अवकाश होतं. शासकीय म्हणजे सरकारी. सरकारी काय असतं? सुट्टी!” म्हणजे तिने शब्दाकडे कमी आणि शब्दाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जास्त पाहिले होते.

मला हे लागले, त्याचे कारण सांगते. दोनच महिन्यांपूर्वी हिचे मराठी वाचन बंद करायचे असे घरात जवळजवळ ठरले होते. शाळेत इंग्रजी, कन्नड, हिंदी आहेच, मराठी कशाला डोक्यावर, असे सूनबाईचे म्हणणे. तिचे अगदीच चूक होते असेही नाही. मराठी गोष्टीचे पुस्तक उघडले की पोर ओळीओळीला अडायची. मी शेजारी बसून लगेच अर्थ सांगायची. ती पुढच्या शब्दाला पुन्हा अडायची. चार पानांत दोघी थकायचो. पोरीला मराठी झेपत नाही, असे मीच मनाशी धरून बसले होते. खरी गोष्ट अशी, की तिला विचार करायला मी उसंतच देत नव्हते.

उज्जैनहून आल्यावर मी माझे तोंड बंद ठेवायचे ठरवले. एका गोष्टीत वाक्य आले, त्याने पडशी खांद्यावर टाकली आणि वाट धरली. पडशी आता कोणाच्या घरात आहे? मी गप्प. ती म्हणाली, खांद्यावर टाकली म्हणजे घोंगडी असणार. चुकीचे, पण वेडगळ नाही. पुढे चार ओळींवर त्या माणसाने पडशीतून भाकरी काढली. ती थांबली, मागे गेली, म्हणाली, “घोंगडीतून भाकरी कशी निघेल? पिशवी आहे ती.” मराठीतला तो ‘तून’ किती उपकारी आहे! शब्द अनोळखी असला तरी त्याला लागलेले प्रत्यय ओळखीचे असतात. वस्तूच्या आत काहीतरी राहते, एवढे तो ‘तून’ सांगून गेला. दोन्ही बाजूंना कप्पे असलेली ती पिशवी कशी दिसायची, तेवढे मग मी सांगितले.

तेव्हा अनोळखी शब्दाची मला फारशी भीती वाटत नाही. तिथे माणूस अडतो, इकडेतिकडे बघतो. भीती आहे ती ओळखीच्या शब्दाची, कारण तिथे आपण अडतच नाही. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या पोरांना हा धोका दुप्पट. संसार शब्द घ्या. मराठीत आणि कन्नडमध्ये तो घरातला, हिंदीत तो सगळ्या जगाला पुरतो. कन्नडमध्ये जगाला म्हणतात प्रपंच, आणि आपण मराठीत प्रपंच म्हणतो तो पुन्हा चूलबोळक्यांचा! शिक्षा शब्दाने आपल्याकडे मराठी आणि कानडी दोन्ही मुले घाबरतील. उज्जैनमध्ये शिक्षा विभागाची पाटी पाहून कोणी घाबरत नाही, तिथे ते शिक्षण आहे.

परतताना स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानात सूनबाई पुन्हा चकली. ‘उपन्यास’ लिहिलेला एक ढीग होता. कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान, कॉलेजातला उपन्यासक तो तिथलाच. तिला वाटले, व्याख्यानांची पुस्तके इतकी खपतात! मग वरच्या मुखपृष्ठावर पिस्तूल दिसले आणि ती हसत सुटली. हिंदीत उपन्यास म्हणजे आपली कादंबरी. आपली म्हणजे मराठीतही कादंबरी आणि कन्नडमध्येही कादंबरीच. हा शब्द सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून आला, आणि तिचा नायक चंद्रापीड हा उज्जयिनीच्या तारापीड राजाचा मुलगा. ज्या नगरीच्या राजपुत्राची ती कथा, त्या नगरीत आज कादंबरीला उपन्यास म्हणतात आणि कादंबरी हे नाव सांभाळतो आपण, बेळगाव-धारवाडकडचे. मला याची मोठी गंमत वाटली.

त्याच सोमवारी संध्याकाळी महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक पाहिली. शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, सावन तर संपला, ही भादोंची सवारी. आमच्या पंचांगात तर श्रावण चालू होता! मग उलगडा झाला. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे आणि कर्नाटकात अमावास्येला. त्यामुळे आपल्या श्रावणाचा वद्य पक्ष त्यांच्याकडे भाद्रपदात जमा होतो. शब्द तोच, चंद्रही तोच. बोलणारा कुठला हे धरल्याशिवाय तिथीसुद्धा लागत नाही.

अर्थात अंदाजावर सगळे सोडून चालत नाही. औषधाच्या चिठ्ठीत, सातबाऱ्यात, कोर्टाच्या कागदात अंदाज नको, तिथे विचारावे. गोष्टीतही एखाद्या जागी आजूबाजूचे शब्द काहीच बोलत नाहीत. तेव्हा कोश. आमच्याकडे मोल्सवर्थच्या मराठी कोशाची नवी आवृत्ती आहे आणि सूनबाईच्या माहेरून आलेला किट्टेलचा कन्नड कोश, दोघेही साहेब आणि दोघांचेही वजन भारी. पण कोश आधी उघडला की डोके बंद होते, म्हणून तो शेवटी. एका वाचनात शब्द पक्का होईल अशीही घाई नको. अमेरिकेत नॅगी, हर्मन आणि अँडरसन या अभ्यासकांनी १९८५ साली मुलांच्या वाचनावरून हेच दाखवले, की एका भेटीत शब्द थोडासाच कळतो. पण वाचन भरपूर असेल तर त्या थोड्याथोड्याचीच मोठी रास होते. पडशी पुन्हा दुसऱ्या गोष्टीत भेटायला हवी.

आता नातीने एक वही केली आहे. आधी पेन्सिलीने आपला अंदाज लिहिते, तोच शब्द पुन्हा भेटला आणि अंदाज तिथेही बसला तर पेनाने गिरवते. पडशी पेनात गेली. परवा वहीवर नाव घालायचे म्हणून तिने ‘माझी अनुमाने’ असे लिहिले. सूनबाईने वाचले आणि दचकून विचारले, “कोणावर ग?” कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय.