गाडी सुरू झाली का?

ईद झाल्यापासून आमच्या घरात एकच विषय होता. भाईजानना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, नवी गाडी घ्यायची होती. घरात माणसे आठ. जुनी डिझेल गाडी आहे, पण ती उंच. अम्मींचे गुडघे गेल्या दोन वर्षांपासून साथ देत नाहीत. कऱ्हाडहून चिपळूणला नणंदेकडे जायचे म्हटले की त्यांना गाडीत चढवायला दोघांनी हात द्यावा लागतो. मग त्या म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी."

भाईजानच्या मनात इनोव्हा हायक्रॉस भरली होती. एका रविवारी ते म्हणाले, "टीचर, तुम्ही विज्ञान शिकवता. चला बरोबर. तो विक्रेता हायब्रीड हायब्रीड म्हणतो, त्यात खरे किती ते तुम्ही सांगा." अम्मींनाही घेतले.

शोरूममध्ये पहिली परीक्षा अम्मींनीच घेतली. दाराच्या चौकटीला धरून त्या एकट्या आत बसल्या. मधल्या रांगेत ऐसपैस खुर्ची, पायांना आधार. मग आम्ही फेरी मारायला निघालो. गाडी आवाराबाहेर पडून रस्त्याला लागली तेव्हा अम्मींनी विचारले, "गाडी सुरू झाली का?" इंजिनाचा आवाजच नव्हता. आम्ही सगळे हसलो, पण प्रश्न अगदी बरोबर होता. गाडी चालत होती, इंजिन मात्र बंद होते.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात ऊर्जेचा धडा होता. मी हाच प्रसंग सांगितला. एका मुलीने लगेच विचारले, "मॅडम, मग पेट्रोल वाचते ते येते कुठून?" तिला जे उत्तर दिले तेच इथे देते, कारण हा प्रश्न आज अनेक घरांत आहे.

साधी गाडी चौकात थांबताना ब्रेक लावते. गाडीच्या वेगात जी ऊर्जा होती, ती ब्रेक तापवण्यात फुकट जाते. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचा जो जळका वास येतो, ते आपण पैसे देऊन घेतलेले पेट्रोलच असते. हायब्रीड गाडीत इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असते. आपण वेग कमी करतो तेव्हा तीच मोटर उलटे काम करते, चाकांच्या फिरण्यातून वीज बनवून बॅटरीत साठवते. पुन्हा निघताना ती वीज गाडी ढकलते. कमी वेगात इंजिन बंद राहू शकते. ही गाडी घरी प्लगला लावावी लागत नाही. जादू काही नाही, सांडणारे पाणी भांड्यात धरल्यासारखे आहे. आणि भांडे भरले की पुढचे पाणी सांडणारच. लांब घाटात बॅटरी भरली की उरलेली ऊर्जा वायाच जाते.

ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये टोयोटाची प्रियस १९९७ साली बाजारात आली. पण बरीच वर्षे हायब्रीड म्हणजे पेट्रोल वाचवणारी, दिसायला विचित्र आणि चालायला मंद गाडी, असा लोकांचा समज होता. तो आता मोडीत निघाला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रियसचे पाचवे, एकदम देखणे रूप जगापुढे आले आणि त्याच महिन्यात भारतात हायक्रॉस दाखवली गेली. २००५ पासून आपल्याकडे इनोव्हा म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाची आणि विमानतळावर हाजींना सोडायला जाणारी गाडी. तिचा नुसता चेहरा बदलला नाही, सांगाडाच बदलला. आधीची क्रिस्टा ट्रकसारख्या वेगळ्या लोखंडी चौकटीवर बसवलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी. हायक्रॉसमध्ये चौकट आणि अंग एकच आहे आणि ताकद पुढच्या चाकांना मिळते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १०० मिलिमीटरने वाढून २,८५० झाले, म्हणून आत जागा वाढली. दोन लिटरचे पेट्रोल इंजिन आणि मोटर मिळून ताकद १८६ पीएस. क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलची होती १५०. थांबलेल्या गाडीला ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला साडेनऊ सेकंद लागतात, असे कंपनी सांगते. आठ माणसांच्या गाडीला हे पुरेसे आहे. अम्मी बरोबर असताना तर जास्तच.

आता हिशेब. भाईजाननी मला नेले होते ते यासाठीच. चाचणीतील अधिकृत आकडे असे आहेत : हायब्रीड एका लिटरला २३.२४ किलोमीटर, तीच गाडी साध्या पेट्रोलवर १६.१३. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, पण तुलनेसाठी हेच धरू. डिसेंबर २०२२ मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा साधी पेट्रोल गाडी १८ लाख ३० हजारांपासून होती, हायब्रीड साधारण २४ लाखांपासून सुरू होऊन २९ लाखांच्या जवळ पोहोचत होती. हायब्रीडमध्ये इतर सोयीही जास्त असतात, त्यांचे पैसे वजा केले तरी निव्वळ तंत्राचा फरक पाच लाख धरू.

आमची गाडी वर्षाला फार तर १२,००० किलोमीटर चालते. त्यात हायब्रीड सुमारे २२८ लिटर पेट्रोल वाचवील. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाचे २४,००० रुपये. पाच लाख भरून यायला वीस वर्षांहून अधिक लागतील. ज्याची गाडी भाड्याने वर्षाला ४०,००० किलोमीटर फिरते, त्याचे सुमारे ८०,००० वाचतात, त्याला सहा-सात वर्षे पुरतील. शिवाय हायब्रीडचा खरा फायदा थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी रहदारीत असतो. पुण्या-मुंबईत रोज गर्दीत अडकणाऱ्याला तो जास्त, मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्याला कमी. बॅटरीची भीती मात्र फार बाळगू नये. कंपनी तिला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत हमी देते.

मी कागद भाईजानसमोर ठेवला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "टीचर, पेट्रोल वाचवायला कोण घेतोय? मला ती आवडली."

हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, त्याचे मला बरे वाटले. चांगली वस्तू आवडणे हा काही गुन्हा नाही. वीस वर्षे दुकानात उभे राहून कमावलेले, हलालचे पैसे आहेत. पण आमच्या घरात व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे अब्बांच्या काळापासून ठरलेले आहे. म्हणजे सगळी रक्कम रोख. आणि ती रोख रक्कम कुठे आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होते. मोठ्या पुतणीला यंदा फार्मसीला प्रवेश घ्यायचा आहे. चार वर्षांची फी आणि हॉस्टेल यांसाठी ते पैसे बाजूला काढलेले. भाईजान म्हणत होते, "पुढच्या वर्षी पुन्हा जमतील." भाभी काही बोलत नव्हत्या. पुतणी दाराआड उभी होती. तीही काही बोलली नाही. मुली अशा वेळी बोलत नाहीत, म्हणून त्यांची संमती आहे असे आपण समजतो. शाळेत मी हे दरवर्षी पाहते. नववीत हुशार असलेली मुलगी बारावीनंतर कुठे गेली विचारले, तर घरात तेव्हा काहीतरी "जास्त गरजेचे" निघालेले असते.

बोलल्या त्या अम्मी. "गाडी छान आहे. आवाज नाही, धक्का नाही. पण मला चिपळूणला वर्षातून तीनदा जायचे असते. त्या तीन दिवसांसाठी पोरीची चार वर्षे नको." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला एक लाकडी पायरी करून दे."

भाईजान उठून बाहेर गेले. रागावले असे आम्हाला वाटले. तासाभराने आले ते सुताराकडे माप देऊन. पायरी आठवड्यात आली, नऊ इंच उंच, खाली रबर लावलेले. पुतणीचा प्रवेश पुढच्या महिन्यात आहे, इन्शाअल्लाह.

हायक्रॉसचा माहितीपत्रक भाईजाननी फेकलेला नाही. दुकानाच्या गल्ल्यात, हिशेबाच्या वहीखाली ठेवला आहे. आमची गाडी अजून धडधडत सुरू होते. मागच्या जुम्याला अम्मी पायरीवरून आपल्या आपण चढल्या, बसल्या आणि म्हणाल्या, "आता समजते बरं, सुरू झाली ते."