अनपेक्षित आहेर

रत्नागिरीतील एखाद्या मंगल कार्यालयात अक्षता पडल्यावर वधूपिता जावयाच्या हाती मोटारीची किल्ली ठेवतो. नवदांपत्य चकित होते, मांडव टाळ्या वाजवतो. हा हुंडा नव्हे, कारण कोणी मागितला नव्हता! १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने न मागता दिलेल्या भेटींना सूट आहे खरी. परंतु भेट ऐपतीबाहेरची नसावी आणि तिची नोंद यादीत असावी, अशी अट आहे. १९८५ च्या नियमांनी यादीवर वधूवरांची सहीही आवश्यक केली. अशी यादी आपल्या घरच्या लग्नात झाली होती काय, हे कार्यकर्त्यांनी स्वतःलाच विचारावे.

खरी मेख पुढेच आहे. आंब्याच्या बागेची वाटणी निघाली, की "तुझ्या लग्नात एवढे केले" म्हणून बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मतः मुलाइतका हिस्सा महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. तो एका सहीने भावांकडे जातो. मोटार दहा-पंधरा वर्षांत भंगारात निघते, हापूसची कलमे नातवंडांनाही फळ देतात. शिवाय ती मोटारही बहुधा जावयाच्याच नावावर असते.