रोजगार हमीला शेल्फ, संशोधनाला ठेंगा

‘फेलोशिपचे पैसे पडून राहतात, आदिवासी मुलंच पुढे येत नाहीत,’ हे वाक्य या आठवड्यात पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात एका मार्गदर्शन कार्यक्रमात पुन्हा ऐकायला मिळालं. बोलणारे पाहुणे होते. शाल-श्रीफळ घेऊन ते जेवणाच्या वेळेआधी निघूनही गेले. हे पैसे नेमके कोणत्या खिडकीवर पडलेत, हे विचारायचं मात्र समोरच्या पोरांना सुचलं नाही.

खिडकी शोधायचीच म्हटलं, तर याच तालुक्यातल्या पोशेऱ्यातली एखादी मुलगी धरा. जव्हारच्या गोखले एज्युकेशन सोसायटीच्या कॉलेजातून पदवी, पुढे कुठून तरी एम.ए. विषय स्थलांतराचा. दिवाळी सरली की माणसं घराला कुलूप लावून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर का जातात, हे तिला कुणी शिकवायला नको. नेट देऊन जेआरएफ पटकावली तर प्रश्नच मिटला. 1 जानेवारी 2023पासून ती महिना 37,000 रुपये आहे. नाही जमलं तर केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप. जागा वर्षाला 750, त्याही साऱ्या देशात मिळून. 2011च्या जनगणनेत देशातले आदिवासी 10 कोटी 43 लाख होते. भागाकार वाचकांनी करावा.

आणि या फेलोशिपच्या अर्जाला पीएच.डी.च्या प्रवेशाचा कागद जोडावा लागतो. प्रवेशाला गाइड हवा. गाइडकडे जागा हवी, आणि यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी एवढीच मुभा. भरती रखडली की गाइडही कमी, जागाही कमी. म्हणजे आधी गाइड धरायचा, फी भरायची, मुंबईत राहायची सोय लावायची आणि मग निवडयादीची वाट पाहायची. तोवर खायचं काय, असा रकाना अर्जात नाही.

या स्तंभात रोजगार हमी आली नाही असा महिना जात नाही, अशी काही वाचकांची तक्रार आहे. आज ती आणखी पक्की होईल, कारण रोहयोची आणि संशोधनाची तुलना केल्याशिवाय हा घोळ कळतच नाही.

महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा 1977मध्ये केला, केंद्रानं 2005मध्ये. त्यातला क्रम मोखाड्यातल्या मजुराला पाठ आहे. आधी कामं ठरायची. बंधारा, रस्ता, मजगी, जे काही असेल ते मंजूर होऊन शेल्फवर, म्हणजे तयार कामांच्या यादीत यायचं. मग मजुरानं नमुना 4 भरून काम मागायचं आणि तारखेची पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता. काम झाल्यावर पंधरा दिवसांत मजुरी दिली नाही तर उशिराची भरपाई. प्रत्यक्षात मजुरी थकते, भत्त्यासाठी तहसीलवर मोर्चा न्यावा लागतो, हे जव्हार-मोखाड्यात कुणी कुणाला सांगायला नको. पण उशीर मोजायचा कसा आणि त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा, हे कायद्यानं लिहून तरी ठेवलं.

संशोधनात सगळी उलटी गंगा. कामाची यादी नाही. विषय मुलीनंच आणायचा, गाइड तिनंच शोधायचा, पैशांची तजवीजही तिनंच करायची. फेलोशिप मंजूर झाली तरी हप्ता तीन महिन्यांनी येवो की आठ महिन्यांनी, भरपाई शून्य. खड्डे खणणाऱ्याला कायद्यानं जी शाश्वती कागदावर दिली, ती प्रबंध लिहिणारीला कागदावरसुद्धा नाही.

संशोधनातही आधी यादी, मग माणूस हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. नॉर्वेत पीएच.डी.चा विद्यार्थी हा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो. विद्यापीठ प्रकल्प ठरवतं, पैसे बाजूला काढतं आणि मग जागेची जाहिरात देतं. ब्रिटनमध्येही गाइड, विषय आणि निर्वाहवेतन ठरलेले प्रकल्प जाहीर होतात, विद्यार्थी त्यांतून निवडतो. मोखाड्यातला ग्रामरोजगार सेवक ती जाहिरात पाहून मुळीच गोंधळणार नाही. शेल्फ तयार आहे, माणूस हवाय, एवढंच तर त्यात असतं.

आपल्याकडेही क्रम कधीकाळी सरळ होता. 1913मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, बदल्यात बडोद्याच्या नोकरीचा करार लिहून घेतला. आधी पैसे ठरले, मग कोलंबियाची बोट. मुदत सरली तेव्हा 1917मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं; तिथली डी.एस्सी. मिळायला 1923 उजाडलं.

शंभर वर्षांनंतरचं शासन पाहा. डिसेंबर 2023मध्ये विधान परिषदेत उपमुख्यमंत्र्यांनीच विचारलं, पीएच.डी. करून काय दिवा लावणार? त्याच महिन्यात बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्याच संस्थांच्या फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा झाली आणि तिच्यात 2019च्या सेटची जुनी प्रश्नपत्रिकाच पुढे आली. दिवा कुणी लावला ते दिसलंच.

मोखाड्यावर संशोधन होत नाही असंही नाही. 1992-93मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालमृत्यू झाले, तेव्हापासून कुपोषणाचा अभ्यास करणाऱ्यांची इथं ये-जा आहे. त्यांच्याकडे प्रकल्प असतो, निधी असतो, गाडी असते. पोशेऱ्याच्या मुलीला त्यात मिळालीच तर जागा मिळते ती प्रश्नावली भरून घेण्याची, रोजंदारीवर. स्तंभलेखकाला बऱ्याच दिवसांपासून संशय आहे, की संशोधनाला शेल्फ नाही ही कुणाची तरी सोय आहे. यादीच नसली की न दिलेल्या कामाचा जाब विचारता येत नाही. पुरावा मागाल तर नाही. संशय मात्र जात नाही.

विषयांचा तुटवडा तर अजिबात नाही. मध्य वैतरणा धरण मोखाड्याच्या हद्दीत, त्याचं पाणी रोज मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. नागली-वरईची बियाणी, भट्टीवरची उचल, आश्रमशाळांतली गळती, सिकलसेल. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962पासून आहे. मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात सारा पालघर जिल्हा येतो. आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूत, म्हणजे याच जिल्ह्यात आहे. या तिघांनी एकत्र बसून दरवर्षी मे महिन्यात वीस विषयांची यादी लावावी: विषय, गाइडचं नाव, महिन्याची रक्कम, रुजू व्हायची तारीख. हप्ता पंधरा दिवसांहून लांबला तर रोहयोच्या धर्तीवर भरपाई.

ती यादी लागेपर्यंत पोशेऱ्याच्या पोरींनी संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवरच्या प्रकल्प सहायक आणि प्रोजेक्ट जेआरएफच्या जाहिराती दर आठवड्याला पाहाव्यात. तिथं पैसे प्रकल्पासोबतच आलेले असतात. मात्र त्या कामावर पीएच.डी.ची नोंदणी होणार का, हे रुजू होण्याआधी लेखी विचारून घ्यावं, आणि कुठलाही अर्ज दिला तरी तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.