मोजायचे कोणी?

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या घरी रात्री अडीचचा गजर लावलेला असतो. आई उठते, झोपेतल्या पोराचे बोट टोचते, थेंब पट्टीवर घेते आणि आकडा सत्तरच्या खाली असला की त्याला उठवून साखरपाणी पाजते. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. ते टोचावे लागते. किती टोचायचे, हे ताटात काय आहे, मूल खेळले किती, अंगात ताप आहे का यावर ठरते. जास्त झाले तर शुद्ध हरपते, कमी पडले तर अतिदक्षता विभाग. या आजारात मोजणे हाच अर्धा उपचार आहे, आणि तेवढाच नेमका सरकारने घरच्यांवर सोडून दिला आहे.

तंत्रज्ञान कामाला येते ते इथेच. दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवला की तो त्वचेखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी फोनवर कळवतो, ती घसरू लागली की वाजतो. बाप कामावर असला तरी त्याला आकडा दिसतो. (ही सोय कंपन्यांची वाट न पाहता पालकांनीच उभारली. अमेरिकेत २०१३ मध्ये एका प्रोग्रामर बापाने मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवर चढवले. त्यातून ‘नाइटस्काउट’ ही मोफत प्रणाली घडली.) सेन्सरला पंप जोडला तर इन्सुलिन बरेचसे आपोआप कमीजास्त होते. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने एप्रिल २०२४ पासून ही जोडणी टप्प्याटप्प्याने मोफत द्यायला घेतली.

आपल्याकडे चौदा दिवस चालणाऱ्या एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये पडतात. वर्षाला सव्वीस लागतात, म्हणजे लाखाच्या वर खर्च. सरकारी रुग्णालयात इन्सुलिनची कुपी मिळते, पट्ट्यांसाठी मात्र अनेकांना औषधाचे दुकान गाठावे लागते. महात्मा फुले योजनेचे पाच लाखांचे कवच आहे, पण ते मुख्यतः दाखल रुग्णांसाठी. मूल बेशुद्ध होऊन खाटेवर आले की तिजोरी उघडणार. ती वेळ येऊ नये म्हणून लागणारी पट्टी बापाच्या खिशातून! असला हिशेब वाण्याच्या वहीतही खपला नसता.

पंपाचे पुढे बघू. फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन मडक्यात ठेवणाऱ्या घरांत आधी पुरेशा पट्ट्या पोहोचू देत. मग सेन्सर, आणि तोही प्रथम ज्यांना ‘चक्कर येतेय’ हे सांगता येत नाही अशा चिमुरड्यांना. सोबत शिकवणारे माणूस हवे. सेन्सरचा आकडा रक्तातल्या साखरेपेक्षा काही मिनिटे मागे असतो. खोखो खेळून आलेल्या मुलाच्या बाबतीत तेवढा उशीरही घात करतो. भाकरीने साखर किती चढते, पोह्यांनी किती, हे आईला मराठीतच समजावे लागेल.

एक काम तर बिनपैशाचे आहे. सेन्सरचा आकडा फोनवर येतो आणि परीक्षागृहात फोनला बंदी. सीबीएसईने साखरेच्या गोळ्या, केळे आत नेण्याची मुभा २०१७ मध्येच दिली. राज्य मंडळानेही दंडावरचा सेन्सर, फोनऐवजी त्याचा आकडा दाखवणारे रीडर आणि खिशातली साखर यांबाबत लेखी सूचना थेट पर्यवेक्षकाच्या हाती पडेल अशी व्यवस्था करावी. दहावीच्या परीक्षेआधी, जून उजाडल्यावर नव्हे.