टॅलीचा क्लास लावू की नको? हिशोबाच्या नोकरीचं पुढे काय होणार?

गेल्या महिन्यात सांगलीहून मामेबहिणीचा फोन आला. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजसमोरच्या क्लासने टॅली आणि जीएसटीच्या सहा महिन्यांच्या कोर्सची फी सांगितली होती, आणि त्याच दिवशी इन्स्टाग्रामवर तिला एक रील दिसली: एआय आलं, अकाउंटंटची नोकरी गेली. "दादा, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, मग खरं सांग. फी भरू की नको?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण गेली तीन वर्षं मी ज्या कंपनीत आहे ती बिलांचे फोटो वाचून नोंदी करणारं सॉफ्टवेअर बनवते. रीलमध्ये ज्याची भीती दाखवली, ते बनवणाऱ्यांपैकी मी एक आहे म्हणा ना.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नोंदी टाइप करण्याचं काम कमी होतंय हे खरं आहे, पण त्याची सुरुवात चॅटजीपीटीने केली नाही, सरकारने केली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मग १ ऑक्टोबर २०२० पासून ई-इन्व्हॉइस आलं, सुरुवातीला फक्त ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. ई-इन्व्हॉइस म्हणजे पीडीएफ नव्हे बरं का. बिलाची माहिती आधी सरकारी पोर्टलवर जाते, तिथून एक नंबर आणि क्यूआर कोड मिळतो, तेव्हा ते बिल वैध होतं. तीच माहिती विकणाऱ्याच्या रिटर्नमध्ये आपोआप भरली जाते आणि पुढे घेणाऱ्याच्या जीएसटीआर-२बी नावाच्या तक्त्यात दिसते. मधल्या माणसाने ती पुन्हा टाइप करायचं कारणच उरत नाही. एआयचं काम उरतं ते हाताने लिहिलेल्या बिलांपुरतं, व्हॉट्सॲपवर आलेल्या तिरक्या फोटोंपुरतं. तेही ते आता बरं करतं, हे मी रोज बघतो.

म्हणजे नुसती 'टॅली ऑपरेटर' म्हणून मिळणारी नोकरी आटत चालली आहे. हे मी तिला तोंडावर सांगितलं.

पण मग गेल्या दिवाळीनंतरचा किस्साही सांगितला. आमचं सॉफ्टवेअर इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याकडे चालतं. खरेदीची बिलं २बीशी जुळवायची आणि जुळली की हिरवी टिक द्यायची, एवढं त्याचं काम. हा जुळवणीचा भाग मीच लिहिलेला. एके दिवशी तिथल्या अकाउंटंट काकांचा फोन आला. काका साठीचे. पेढीत त्यांना अजूनही दिवाणजी म्हणतात, आणि कीर्द-खतावणी हाताने लिहिण्यापासून त्यांनी सुरुवात केलेली.

"अहो साहेब, तुमच्या टिकेत एक गाडी आली आहे."

मी बघितलं. बिल नंबर बरोबर, जीएसटी नंबर बरोबर, रक्कम रुपयापर्यंत जुळलेली. मला चूक दिसेचना. "काका, सगळं बरोबर तर आहे."

"आकडे बरोबर आहेत हो. पण ही मालकांची कार आहे, सुताचं बिल नाही. याचं क्रेडिट घेता येत नाही."

झालं काय होतं ते सांगतो. धंद्यासाठी घेतलेल्या मालावर भरलेला जीएसटी तुम्ही विक्रीवर गोळा केलेल्या जीएसटीतून वजा करू शकता. याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. पण सीजीएसटी कायद्याचं कलम १७(५) म्हणतं की काही खरेद्यांवर ही वजावट मिळत नाही. ड्रायव्हर धरून १३ किंवा त्याहून कमी सीटची प्रवासी गाडी त्यात येते. गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग स्कूल सोडून. २बीमध्ये मात्र ते बिल बाकीच्या बिलांसारखंच दिसतं, हे क्रेडिट तुम्हीच ओळखून सोडायचं असतं. गाडी ७ लाखांची, त्यावर १८ टक्के म्हणजे १ लाख २६ हजार रुपये. ते क्रेडिट घेऊन वापरलं असतं तर नंतर पूर्ण रक्कम परत, वर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, आणि नोटीस आली तर दंडाची टांगती तलवार वेगळी. नोटीस आमच्या कंपनीच्या नावाने नाही, व्यापाऱ्याच्या नावाने आली असती.

तुम्ही म्हणाल, मग कलम १७(५) पण सॉफ्टवेअरमध्ये घाला की! घातलं. दुसऱ्याच आठवड्यात त्याने माल नेणारा छोटा टेम्पोही अडवला. त्याचं क्रेडिट मिळतं, कारण तो प्रवासी गाडी नाही. नियम लिहिता येतो हो, पण समोरची वस्तू नेमकी काय आहे आणि कशासाठी घेतली आहे, हे बिलावर दरवेळी लिहिलेलं नसतं. ते काकांना माहीत होतं, कारण दुकानासमोर गाडीला हार घातला तेव्हा ते तिथे होते.

सॉफ्टवेअरचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द, असं मानलं तर किती महागात पडतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण ब्रिटनमधलं आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ च्या सुमारास होरायझन नावाची हिशोबाची यंत्रणा आणली. ती फुजित्सूची होती. गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या खात्यात ती नसलेली तूट दाखवायची. ते बिचारे सांगत राहिले की आम्ही पैसे घेतले नाहीत. पण कोर्टात संगणक बरोबरच चालतो असं गृहीत धरलं जायचं. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त लोकांना शिक्षा झाल्या. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर गेलं, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये न्यायालयाने यंत्रणेतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. होरायझनमध्ये एआय वगैरे काही नव्हतं, आपण लिहितो तसला साधा कोड होता. मी तो प्रकार पहिल्यांदा सविस्तर वाचला तेव्हा आमच्या हिरव्या टिकेचा रंग बदलावा असं वाटलं होतं. आता तिथे 'जुळलं, तपासायचं बाकी' असं लिहून येतं. विक्री विभागाला ते आवडलेलं नाही.

आता चॅटबॉटचं बघा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा, २०२५ लागू. ८१९ कलमांची ५३६ झाली, 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आलं. तुमच्या बाबांच्या एलआयसीच्या हप्त्यामुळे घरोघरी पाठ झालेलं ८०सी आता कलम १२३ आहे. पण इंटरनेटवर साठ वर्षांचा मजकूर जुन्या कलमांचा पडलाय आणि चॅटबॉट त्यावरच शिकलेत. ते जुना नंबर पूर्ण आत्मविश्वासाने देऊ शकतात. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात डेलॉइटला सरकारी अहवालाच्या फीचा काही भाग परत करावा लागला, कारण एआय वापरून केलेल्या त्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ सापडले. तिथे ही गत, तर आपण फोनवर विचारून रिटर्न भरणारे कोण!

मग अकाउंटंटचं भविष्य एकदम झकास आहे का? नाही. खरी अडचण मला वेगळीच दिसते, आणि तिचं उत्तर माझ्याकडे नाही. काका हुशार झाले ते कशाने? पंधरा-वीस वर्षं तीच कंटाळवाणी बिलं हाताने लिहून. प्रत्येक बिल नजरेखालून गेलं, म्हणून चुकीचं बिल डोळ्यात खुपतं. आम्ही नेमकी तीच पायरी काढून टाकतोय. सीएच्या मुलांची आर्टिकलशिपही आयसीएआयने नव्या अभ्यासक्रमात तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली आहे. वरचं काम शिल्लक आहे, पण वर चढायची शिडी खालून कापली जातेय. कार्यालयांना तपासणारी माणसं हवीत, पण नवशिक्याला तपासायला शिकवण्यात वेळ घालवायला फार थोडे तयार आहेत.

म्हणून बहिणीला मी म्हटलं, सहा महिन्यांची फी भरू नकोस. टॅलीची बटणं तीन-चार आठवड्यांत हाताखाली येतात. त्याऐवजी एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात अर्धा दिवस बस, पैसे कमी मिळाले तरी चालतील. तिथे जमा-नावे कागदावर करून बघ. सॉफ्टवेअरने केलेली नोंद दिसली की आधी ती खोडून स्वतः कर आणि मग ताडून बघ. एक्सेल मात्र नीट शीक, पॉवर क्वेरीसकट. आमच्यासारख्यांची चूक पकडायची असेल तर हजार ओळींतून ती शोधता आली पाहिजे. सीए करायचं मनात असेल तर बी.कॉम.ला ५५ टक्के मिळाल्यावर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला जाता येतं. ते झेपणार नसेल तर बी.कॉम.वर जीएसटी प्रॅक्टिशनर होता येतं.

मामा थोडे नाराज आहेत. क्लासचं सर्टिफिकेट तरी मिळालं असतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं अगदी चुकीचं आहे असं नाही, लहान गावात पहिली मुलाखत अजून सर्टिफिकेट बघूनच होते.

ती आता एका सल्लागारांकडे दुपारी जाते. परवा तिचा मेसेज आला, सोबत ट्रान्सपोर्टच्या बिलाचा फोटो. बिलावर जीएसटी लावलेलाच नव्हता. "दादा, आमच्या सॉफ्टवेअरने याला करमुक्त म्हटलंय. खरंच आहे का?" मला सांगता आलं नाही. मी काकांना फोन लावून तिला जोडून दिलं.

काकांनी एकच प्रश्न विचारला, "बाळ, बिलासोबत बिल्टी आहे का?" बिल्टी देणारा असेल तर तो कायद्याच्या भाषेत माल वाहतूक एजन्सी ठरतो, आणि अशा बिलावर त्याने कर लावला नसेल तर तो बहुतेक वेळा भाडं देणाऱ्या व्यापाऱ्याला भरावा लागतो.

"आहे काका," ती म्हणाली. "मी आधीच पिन करून ठेवली आहे."